डबीच्या खिडकीवरचं कुकू

"मावशी, त्येला फडकं लावू नगा! पूजेचं हाय त्ये."

भूपाल खुर्चीतनंच वरडला. विजेच्या पॅनेलचं दार मी उघडलं व्हतं, माझा हात तितंच थांबला.

आमचा साखर कारखाना, त्येच्या मागं स्पिरिटचा प्लांट. प्लांटच्या कंट्रोल रूमचा केर-फरशी माझ्याकडं, कॉन्ट्रॅक्टवर. माझं मालक वारलं त्या साली कामाला लागले, अजून हाय. भूपाल तितला ऑपरेटर. टाकीत स्पिरिट किती चढलं त्येचा आकडा समोर दिसायचा. टाकी भरत आली की पंप आपसूक बंद व्हायचा. भूपालनं त्येवर नजर ठेवायची.

मला शाळा न्हाय. पन तातोबा वायरमन रिटायर व्हताना एक शिकवून गेला. टाक्यांजवळ उंच खांबावर तांब्याची सळई असती. वीज पडली की सळई ती धरती आणि पट्टीनं जमिनीत सोडती. पन तेवढ्यानं भागत न्हाय. विजेचा हिसका वायरीतनं बी आत शिरतो. त्येला सर्ज म्हनत्यात. त्यो अडवायला पॅनेलमदी काडेपेटीएवढ्या डब्या बसवल्यात. डबीला नखाएवढी खिडकी.

"वैनी, हिरवी दिसली तर डबी जित्ती," तातोबा म्हनला. "लाल झाली तर मेली. मेलेली डबी म्होरला हिसका अडवत न्हाय. वीज कडाडली की एवढं बघत जावा. आणि पॅनेलला फडकं कोरडंच."

मी बघायची. दोनदा लाल घावली. दोनदा प्लांटच्या साहेबांस्नी सांगितलं, दोनदा डबी बदलली.

भूपालनं मला अडवलं त्या साली खंडेनवमीला साहेबांची मंडळी माहेरी गेलत्या. पॅनेलची पूजा दरसाल त्याच करायच्या. मग भूपालनं आपली बायकू आणली, सुजाता. तिनं मनापासनं पूजा केली. मोटरीला, पंपाला हळद-कुकू. पॅनेल उघडून आतल्या डब्यांस्नी बी. तेलात कालवलेलं कुकू, बराबर खिडकीवर बोट.

"मावशी, ह्येला बी कपाळ हाय बघा," म्हनून हसली.

मी दाराशी हुबी व्हते. माझ्यासारखीनं पूजंला हात लावायचा नसतो. खिडकी सोडून लावा, एवढं तोंडानं सांगायला मातर काय अडलं नव्हतं. न्हाय सांगितलं.

तिसऱ्या दिशी दुपारी ढग आलं आणि वीज कडाडली. लाईट गेली, आली. मी डब्या बघाय गेले. सगळ्या खिडक्या कुकवानं बुजलेल्या. खाली हिरवं हाय का लाल, काय कळंना. म्हनून फडकं घेतलं, आणि भूपाल वरडला.

"आत लाल झालं आसंल तर?" मी म्हनलं.

"आमच्या कारभारणीनं लावलंय. हंगामाचा बॉयलर पेटल्याबिगर पुसायचं न्हाय. मावशी, तुमी आता इंजिनेर झालासा व्हय?"

मी भाईर साहेबांकडं गेले. ते मांडव घालणाऱ्यांवर वरडत व्हते.

"साहेब, डबी बघा की. खिडकी कुकवानं बुजलीया."

"मावशी, परवा चेअरमन येणार आहेत बॉयलर पेटवायला. पुसलेलं कुंकू दिसलं तर मला उभा फाडतील. कार्यक्रम झाला की बघू."

परत आले तर भूपाल च्याला गेलता. खोलीत मी एकटी. अंगठ्यानं पुसलं असतं तर झालं असतं. पन सवाशिणीनं लावलेलं कुकू मोकळ्या कपाळाच्या बाईनं पुसायचं? हात उचललाच न्हाय. फरशी पुसून घरला गेले.

दुसऱ्या दिशी दुपारी पुन्यांदा वीज. टाकीच्या खांबावरच पडली. सळईनं तिचं काम केलं, टाकीला काय झालं न्हाय. पन हिसका वायरीतनं आत शिरला, कंट्रोल रूममदी खाटकन आवाज झाला. भूपाल आकड्याकडं बघत बसला.

"मावशी, आकडा हलंना की."

पंप चालूच. त्येनं बंदचं बटन दाबलं, ऐकंना. तवर भाईरनं वरडा आला, टाकी उतू चाललीया. भूपाल हातानं व्हॉल्व बंद कराय पळाला.

पाऊस थांबून ऊन पडलं व्हतं. स्पिरिटची आग उन्हात दिसत न्हाय. पंपाजवळ सांडलेल्या स्पिरिटनं पेट घेतला, कशानं कोण जाणे. मी दारातनं बघितलं. जाळ दिसलाच न्हाय. भूपालचा शर्ट अंगावर आकसताना दिसला, मग त्यो खाली बसला.

दवाखान्यात सहा दिस व्हता.

चौकशीला पुण्याचा एक मानूस आला. त्येनं डबीवरचं कुकू नखानं खरवडलं. खाली लाल. पहिल्या विजेनं मेली का दुसरीनं, त्येला बी सांगता येईना. मी मातर पहिलीनंच म्हनती. मला कुणी इचारलं न्हाय.

महिन्यानं सुजाता भूपालची पिशवी न्ह्यायला आली. कपाळ मोकळं.

"मावशी, नेमकं काय झालतं ओ?"

"वीज पडली, बाई."

"माझं पूजंत काय चुकलं न्हाय न्हवं?"

"न्हाय. चांगली केलतीस."

एवढं एक खोटं माझ्या अंगावर हाय. ऱ्हाऊ दे.

आता खंडेनवमीला आरती झाली की लोकं परसादाकडं वळत्यात. मी कोरडं फडकं घेऊन खिडक्या पुसती. एक बाई म्हनली, "अगं, ह्ये काय करतीस?" म्हनलं, कुकू मोटरीला लावा, पंपाला लावा, दाराला लावा. खिडकी मातर उघडी ठेवायची. ती बघायला हाय.