गोवरातली झोप

निजामाच्या राजवटीत आष्टीकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. तिथं औषधं कमी आणि किस्से जास्त साठायचे. सांगायला लागलो की लोक हसतात. मला मात्र अजून संताप येतो.

•

गोवराच्या साथीत एका शेतकऱ्यानं पोराला उचलून आणलं. गोवर ओसरला होता, पण ताप उलटून मेंदूत गेला होता. आकड्या थांबत नव्हत्या. अंगभर बिब्ब्याच्या चटक्यांचे ताजे डाग.

"म्या आठ दिस घरीच इलाज केला, साहेब," बाप म्हणाला.

डॉक्टरसाहेब हैदराबादचे. हातात सिरिंज घेऊन नुसते बघत राहिले. म्हणाले, "सुई लगाने को जगा तो छोडना था!"

•

ते पोर गेलं. मी रजिस्टरात लिहिलं : गोवर, नंतर मेंदूला सूज. वरच्या कचेरीत पाठवलेला तो कागद घेऊन तिथला कारकून परत आला.

"एक खाने में एकच बीमारी," रकान्यावर बोट ठेवून तो म्हणाला.

"मग दोनातली कोणती लिहू?"

"बुखार लिखो. वो सब को होता."

आणि मी लिहिलं. त्याचा राग माझा माझ्यावर आहे.

•

गालगुंडानं एका मुलाचा डावा कान कायमचा बहिरा झाला. शाळेत तो ऐकत नाही म्हणून गुरुजी रोज तोच कान पिळायचे. मी जाऊन सगळं समजावलं.

गुरुजी म्हणाले, "आधी सांगायचं ना. दुसरा धरला असता."

•

गावातल्या रखमाबाईची लेक गोवरानंतर दोन दिवस झोपून होती. घरच्यांनी उठवलं नाही. जागी झाली तेव्हा वाचा गेलेली, पाय लुळे.

पुढच्या वर्षी तिच्या शेजारच्या घरात गोवर आला. पुरळ मावळलं, ताप पुन्हा चढला आणि पोरगं हाक मारूनही डोळे उघडेना. मी गेलो तर त्या घरातली सासू दारात आडवी.

"आईसाहेब घरात हायेत. दवापाणी चालत न्हाई. झोपलंय, झोपू द्या."

गोवर म्हणजे देवीच घरात आली असं मानायचं, आणि ती असली की फोडणीसुद्धा द्यायची नाही, अशी तिकडची रीत. ठसका उठला की देवी रागावून निघून जाते म्हणतात. पोराला गाडीत घालून दवाखान्यात न्या म्हणून मी तासभर डोकेफोड केली. ढिम्म.

तेवढ्यात रखमाबाई पेटती शेगडी घेऊन आली. ती त्यांच्या उंबऱ्यात मांडली, कढईत तेल ओतलं, वर मूठभर लाल मिरच्या आणि लसूण टाकला. सगळं घर खोकायला लागलं, मीही.

सासू किंचाळली, "अगं रांडे, देवी गेली की!"

"गेली ना?" रखमाबाई म्हणाली. "मंग बैलं जुंपा."