सत्काराचा फेटा आणि वाटाण्याएवढं सोडियम

पडदा वर जातो. उंद्रीच्या शाळेची प्रयोगशाळा. टेबलावर पाण्यानं भरलेलं काचेचं पसरट भांडं, शेजारी रॉकेलच्या बाटलीत बुडवून ठेवलेलं सोडियम, खाली वाळूची बादली. बाकांवर पोरं, पहिल्या रांगेत पाहुणा म्हणून मी, जुना नट. प्रवेश: आज निवृत्त होणारे माणिकराव सर. खांद्यावर शाल, डोक्यावर गुलाबी फेटा.

मी रंगमंचावर राजे पुष्कळ केले, पण असा रुबाब मला कधी जमला नाही.

सरांच्या प्रत्येक प्रयोगाची नांदी ठरलेली. मुलींनी ओढण्या खोचायच्या, मुलांनी बाह्या दुमडायच्या. खडूच्या रेघेपुढं कुणी यायचं नाही. काही पेटलं तर पळायचं नाही, वाळू घ्यायची.

मुख्याध्यापिका कौशल्याबाईंना मात्र या आगीच्या खेळांची धास्ती. त्यांनी बजावलं होतं, आजचा प्रयोग सुखरूप झाला तरच रसायनांचं कपाट नव्या शिक्षिकेच्या, अनुपमाच्या हाती. नाहीतर कायमचं कुलूप. सरांचा जीव त्या कपाटात.

गणिताचे कादर सर हळूच म्हणाले, "शेमला लोंबून राह्यला, सर. फेटा काढा."

"कौशल्याबाईनं सोताच्या हातानं बांधला, कादरभाऊ. काढला तं त्यायचा अपमान होते."

वाटाण्याएवढा तुकडा चिमट्यातून पाण्यात पडला. गरगर फिरला, पिवळाजर्द पेटला. टाळ्या! दाद मिळाली की नट पुढं येतोच. सरही वाकले. ठिणगी उडाली ती थेट शेमल्यावर. धूर दिसताच सर दाराकडे वळले, तेवढ्यात अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "पळायचं नाही सर, वाळू!"

कादर सरांनी पेटलेलं टोक चिमट्यात धरून बादलीत खुपसलं. शेमला फेट्याला, फेटा सरांना. त्यामुळे सरही बादलीपुढं गुडघ्यांवर.

मला वाटलं, पडला पडदा. कौशल्याबाई उठल्या. त्यांनी बादली पाहिली, मग खडूची रेघ. रेघेपुढं एकाही पोराचं पाऊल नव्हतं. सर सोडून सगळ्यांना धडा पाठ आहे, असं म्हणत त्यांनी किल्ली अनुपमाच्या हातावर ठेवली.

सरांनी बादलीतून मान वर केली. मिशीतून वाळू गळत होती.

"लिहून घ्या रे पोरहो. प्रयोगाच्या आंधी फेटा काढावा. बाईले राग आला तरी चालते."