जेरोमबुवांचे डोळे

माझ्या सासऱ्यांइतकं बघणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. आपण वांगं बघतो ते किडकं आहे का एवढ्यापुरतं. ते वांग्यावरचा उजेड बघत उभे राहायचे आणि भाजीवाली तेवढ्यात मागची दोन गिऱ्हाइकं उरकून घ्यायची. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मी मुलीकडे बघत होतो आणि ते माझ्या कानांकडे. "डावा जरा खाली आहे," एवढंच म्हणाले आणि होकार दिला. घराणं तंजावरचं मराठी, सोन्याचा वर्ख लावून देवांची चित्रं करणारं. ते स्वतः मद्रासच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. मी साताऱ्याकडून नोकरीसाठी तिकडे गेलेला. त्यांचं मराठी मला आधी पोथीतलं वाटे. घरात गलका झाला की म्हणत, "अस्के उगे बसा." म्हणजे सगळे गप्प बसा. आणि सगळे बसत, जावईसुद्धा.

त्यांच्या ट्रिप्लिकेनच्या भाड्याच्या घरात व्यंकटेशाच्या तसबिरीशेजारी एक उघडाबंब म्हातारा टांगलेला होता. लांब दाढी, पुढ्यात जाड ग्रंथ, ग्रंथावर कवटी, खांद्यावरून घसरलेलं लाल वस्त्र. ख्रिस्ती लोकांचा संत जेरोम. सासरे एका इंग्रज बाईंना चित्रकला शिकवत. देश सोडून जाताना त्या हे चित्र देऊन गेल्या. म्हणाल्या, इटलीतलं आहे, तीनशे वर्षांचं, विकलंत तर घर होईल. सासूबाईंनी त्यातलं घर तेवढं ऐकलं. तांबरमला स्टेशनजवळ त्यांनी जागाही हेरून ठेवली. विहीर कुठे, मोगरा कुठे, सगळं ठरलं. जन्म भाड्याच्या खोल्यांत गेलेला, त्यांचं काय चुकलं? चित्र त्याच आठवड्यात विक्रीला निघालं.

पण विकणार कोण, तर माझे सासरे. टी. नगरचे एक सराफ आले, दुकानात लावायला काहीतरी विलायती हवं म्हणून. सासऱ्यांनी विचारलं, "उजेड कुठनं आला ते सांगा." सराफांनी आमच्या खिडकीकडे बोट केलं. त्यांना कॉफी पाजून वाटेला लावण्यात आलं.

मला मात्र त्यांनी ते चित्र वाचायला शिकवलं. म्हणाले, "हे एकट्याचं काम नव्हे, जावईबापू. वस्त्र एका शिष्यानं केलं, ग्रंथ दुसऱ्यानं. कवटी करणारा कवटीला भ्यालाय, रेघ बघा त्याची. आमच्या घरी असंच. काका चित्राचा लाकडी पाट घोटत, आत्या वर्ख लावी, अन् डोळे सर्वांत शेवटी आजोबा, उपाशीपोटी. इथं गुरू डोळ्यांपर्यंत पोचलाच नाही." मी बघितलं आणि खरंच, एका चित्रात मला तीन माणसं दिसायला लागली. बुवांचे डोळे तेवढे काळवंडलेले, विझलेले.

एका शुक्रवारी सकाळी गेलो तर सासरे ओलेत्यानं चित्रासमोर बसलेले. हातात चार केसांचा कुंचला. आमच्या घराण्यात डोळे न उघडलेलं चित्र घरात ठेवत नाहीत, असं म्हणाले, आणि प्रत्येक बुबुळात पांढऱ्याचा एकेक ठिपका ठेवला. मोहरीएवढासुद्धा नसेल. जेरोमबुवा माझ्याकडे बघायला लागले. हात कधी जोडले तेही कळलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी एक परदेशी गृहस्थ आले. जुन्या चित्रांतले मोठे जाणकार. बराच वेळ बघून म्हणाले, हे गुरूचं नाही, त्याच्या शिष्यांचं. वस्त्र एकाचं, ग्रंथ दुसऱ्याचा, कवटी कुणा नवशिक्याची. मी सासऱ्यांकडे थक्क होऊन बघत राहिलो. पाहुणे पुढे म्हणाले, "पण हे डोळे! इथे मात्र गुरूचा हात लागलाय. या डोळ्यांसाठी मी हे चित्र घेतो."

दाराआड सासूबाईंच्या बांगड्या वाजल्या. तांबरमचं घर उंबऱ्यापर्यंत आलं होतं. मी सासऱ्यांना डोळ्यांनी विनवत होतो, गप्प बसा, आज तुम्ही उगे बसा. त्यांचा चेहरा तर लहान मुलासारखा उजळला होता. इतकं सुखी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब," ते म्हणाले, "डोळे माझे."

पाहुण्यांनी भिंग काढलं, पुन्हा बघितलं. "चित्र बिघडवलंत तुम्ही," म्हणाले आणि हॅट उचलून गेले. मला सासऱ्यांचा असा राग आला की मी जेवायला थांबलो नाही. सासूबाई चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. कॉफी तेवढी वेळेवर समोर येत होती.

पुढे सासरे गेले. वर्षभरानं मीच एक गिऱ्हाईक शोधून आणलं. त्याला डोळे कुणाचे याच्याशी कर्तव्य नव्हतं. तांबरमची ती जागाही अजून मोकळी होती. सासूबाई चित्राच्या चौकटीला गंध लावत होत्या, तो शुक्रवार होता. मागे वळूनसुद्धा न बघता म्हणाल्या, "तिथं मी एकटी असेन. इथं हे बघतायत."

मी त्या गृहस्थांना कॉफी दिली आणि वाटेला लावलं.