ऐनाच्या पानाखालचे टेकोडे

कापसानं जिल्ह्याची पार वाट लावली होती, त्या वर्षांतली गोष्ट. निंदणाची मजुरी मिळेना म्हणून जंगलातल्या पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, एक बाई पांढरकवड्याच्या बाजारात टेकोडे विकायला बसू लागली. टेकोडे म्हणजे पावसाळ्यात निघणाऱ्या खायच्या छत्र्या. मी तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो, आणि शहाणपण अंगात मावत नव्हतं.

तिच्यापुढे तीन ढीग, प्रत्येकावर वेगळं पान. मला वाटलं, माशा बसू नयेत म्हणून. एका ढिगात काळे, पोकळ, कर्ण्यासारखे टेकोडे होते, वर ऐनाचं पान. नाव विचारलं तर तिनं झाडाचंच सांगितलं. हे ऐनाचे, ते बांबूच्या बेटातले, ते वारुळाचे. काळे ऐनाखाली निघाले तरच खायचे, दुसरीकडे तसेच दिसले तरी हात लावायचा नाही, म्हणाली. मी हसलो. बुरशीला झाडाशी काय घेणंदेणं, असं भर बाजारात तिला ऐकवलं. वर कोणी विचारलं नसताना बोललो, "काळे घेऊ नका, विषारी असतील."

असतील! म्हणजे मलाच माहीत नव्हतं. पण त्या वर्षांत गावोगावी शेतकरी फवारणीचं औषध पिऊन जीव देत होते; आमच्याकडे विष म्हटलं की पुढचं कोणी ऐकत नसे. गिऱ्हाइकं नुसती काळ्यांपासून नाही, तिन्ही ढिगांपासून उठली. ती एवढंच म्हणाली, "सर, माहे लेकरं खातेत न हे." मी थांबलोसुद्धा नाही.

उन्हाळ्यात एक जाडजूड पुस्तक हाती आलं. त्यात लिहिलं होतं, अशा काळ्या कर्ण्यांचे धागे झाडाच्या मुळांशी जोडलेले असतात. ओळखायचं तर आधी कोणत्या झाडाखाली सापडलं ते पाहा. तिनं पानं कशाला ठेवली होती ते तेव्हा कळलं. पावसाळ्यात जायचं आणि भर बाजारात माफी मागायची, असं ठरवलं.

गेलो. तिनं मला लांबूनच ओळखलं. डोक्यावरची टोपली उतरवली, पण खाली ठेवली नाही, माझ्यासमोर धरली.

"सर, आधी तुमी पाहून घ्या, मंग बसतो. काळे नाई आणले."

बाजूच्या बाया माझ्याकडे बघत होत्या. मी टोपलीत डोकावलो आणि म्हणालो, "ठीक आहे, बस."