मंगलताईंनी अडवलेला फॉर्म

"च्या ठेवलाता की ओ, घेतलाच न्हाय तिनं..." मंगलताई गेल्या त्या सकाळी त्यांच्या भावाचा फोन आला तेव्हा तो एवढंच बोलू शकला. त्याला सहा आठवडे झाले.

गडमुडशिंगीच्या मंगलताईंची दृष्टी तिशीत गेली आणि नवऱ्यानं त्यांना माहेरी आणून सोडलं. भावाच्या म्हशींच्या धारा त्या काढायच्या आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर बोटं फिरवत बसायच्या. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज त्यांनी इतका भरभर लावलेला असे की मला एक शब्द कळत नसे. आमची संस्था तेव्हा जिल्ह्यातल्या दिव्यांगांचं ऑनलाइन सर्वेक्षण सुरू करणार होती. ज्याचा फॉर्म येईल त्यालाच व्हीलचेअर, कानाचं यंत्र, बोलणारा फोन मिळणार होता. फॉर्म मी बनवला होता. तो अंध माणसाकडून तपासून घ्यायचा होता, पण घाईत मी तसं न करताच 'तपासला' या शब्दापुढं खूण केली.

उद्घाटनाला पहिला फॉर्म मंगलताई स्टेजवर भरणार होत्या, म्हणून आदल्या दिवशी संस्थेच्या साहेबांनी त्यांना ओळख करून घ्यायला बोलावलं. त्या म्हणाल्या, आधी फॉर्म ऐकू दे. मुद्दाम आवाज संथ करून त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "बटन... बटन... चित्र... बटन..." कशाचं बटन, कसलं चित्र, काहीच कळेना. तरी अंदाजानं त्या पुढं सरकत होत्या. मी घड्याळाकडं बघत होतो, कारण दहा मिनिटांची मुदत मीच घातली होती. शेवटचे तीन प्रश्न उरले असताना फोन बोलला, "वेळ संपली. पुन्हा सुरुवात करा."

साहेबांनी विचारलं, हे तपासलं कुणी? खूण माझी आहे, मी म्हणालो. मंगलताईंनी तोंड माझ्याकडं वळवलं.

"सर, डोळं मिटून एकदा तरी भरलासा का?"

"नाही," मी म्हणालो.

साहेब म्हणाले, आमंत्रणं गेलीत, पाहुणे येणार आहेत, दुरुस्ती मागाहून करू. मंगलताई जागच्या हलल्या नाहीत. "मागनं दुरुस्त करशीला, पर आमचा माणूस एकदा हरला की परत त्या फॉर्मकडं बघायचा न्हाय. मी उद्या स्टेजवर ह्योच आवाज ऐकवणार."

साहेब तडक बाहेर गेले. तासाभरानं निरोप आला, कार्यक्रम पुढं ढकललाय. मला लेखी ताकीद मिळाली.

दुसऱ्या दिवशी त्या बसनं हजर. अकरा दिवस आम्ही बसलो. प्रत्येक बटनाला नाव दिलं, चित्रांखाली शब्द घातले, मुदत काढली, अर्धा भरलेला फॉर्म नंतर पुरा करायची सोय केली. मला कामावरून काढायला साहेबांना का नाही सांगितलं, असं मी एकदा विचारलं.

"नवा माणूस आला असता तर त्याला परत पयल्यापास्नं शिकवू व्हय?"

फॉर्मच्या शेवटी त्यांनी एक प्रश्न घालायला लावला होता... 'भरताना कुठं अडलात?' त्याची उत्तरं मी रोज सकाळी वाचतो. काही अडचण आली की लगेच त्यांना फोन लावायची सवय झाली होती. परवा गगनबावड्याच्या एकानं लिहिलं, 'मला हात न्हाईत. पडद्यावरची सही पायाच्या बोटानं केलोय. चालंल का?'

अकरा दिवसांत हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. मी मंगलताईंचा नंबर काढला, आणि बोट तिथंच थांबलं... मग त्या माणसाला फोन लावला. चालेल, म्हणून सांगितलं, आणि सहीचा रकाना काढून टाकायला बसलो.