दक्षिणेचं दार

परभणीत नाल्याकाठच्या आमच्या पत्र्याच्या घरात आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूची, जागा ठरलेली होती. दारात. पाय गेल्यापासून त्या तिथंच बसायच्या. भाजीवाल्याशी घासाघीस, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी, कुणाच्या लेकराला दटावणं, सगळं तिथूनच. गल्लीला त्यांचा धाक होता अन् त्यांना गल्लीबिगर करमायचं न्हाई.

म्हणून पक्क्या घरांच्या सोडतीत आमची चिठ्ठी तिसऱ्या मजल्याची निघाली, तेव्हा मी ती घ्यायलाच तयार नव्हते. इमारतीला लिफ्ट न्हाई. म्हातारी वर कोंडून मेली असती. नवरा म्हणाला, "नशिबात हाय ते घ्यावं." मी म्हटलं, "नशीब ऱ्हाऊ द्या बाजूला."

तिथंच सोडतीच्या मांडवात शेजारी एक बाई डोळ्याला पदर लावून बसलेली. तिला तळमजला लागला होता, पण दार दक्षिणेला. यमाच्या दिशेचं घर नको म्हणून रडायली होती. मी म्हटलं, "रडू नको बाई. माझं घे, तुझं दे."

सोडत काढणारे साहेब म्हणाले, अशी अदलाबदल होत नाही. मग काय, मी तिथंच फतकल मारली. "मग साहेब, आमच्या म्हातारीला खालीवर उचलून न्यायला रोज तुमी या." सगळे हसले. साहेब काही हसले न्हाईत, पण शेवटी अदलाबदल करून दिली.

खरी लढाई घरी होती.

"दक्षिणेचं दार?" आत्याबाई कडाडल्या. "माझी मयत काढायची लय घाई झाली व्हय ग तुला?"

माझंही डोकं फिरलं. "मयत तर तिसऱ्या मजल्यावरून बी निघंल. तुमी जित्या बाहेर यावं म्हणून घेतलंय हे दार!"

तिथून अबोला. नव्या घरात त्या लेकाच्या पाठीवर बसून आल्या अन् दाराकडं पाठ करून भिंतीशी बसल्या. मी दार उघडलं की लेकाला म्हणायच्या, "लाव म्हणावं तिला." मी कधीच लावलं न्हाई. खरं सांगते, भीती मलाही वाटायची. त्यांना काही झालं असतं तर भावकीनं माझ्याच नावानं बोटं मोडली असती.

मग थंडी पडली. सूर्य दक्षिणेकडं कलला अन् ऊन थेट दारातून आत, त्यांच्या पाठीपर्यंत यायला लागलं. वर उत्तरेच्या दारांतल्या बाया कुडकुडायच्या, आमच्या घरात ऊब.

एका सकाळी मी भाकरी थापून बाहेरच्या खोलीत आले, तर भिंतीपाशी कुणीच न्हाई. मी तशीच पिठाच्या हातानं धावले. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मेथी हाय का चारा रे ही? नीट भाव सांग!"

आत्याबाई हातांवर सरकत उंबरा ओलांडून उन्हात बसल्या होत्या. शेजारी शाल पांघरून, घर बदलून तिसऱ्या मजल्यावर गेलेली तीच बाई. मी दारात नुसती उभी राहिले. 

त्यांनी मान वळवली. कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलल्या.

"काय बघायलीस? जित्तीच हाय. चहा टाक."