पाण्यावरून घेतलेलं माप

दामू कापगते गेल्याचा फोन मला त्याच्या बायकोनं, शेवंतावहिनींनीच केला. सकाळची वेळ होती, मी गोंदियात घरी शेंगा निवडत बसलो होतो. "भाऊजी, तुमचा मित्र गेला. चहा मांगतला, आन् चहा येईपर्यंत..."   मग त्याच म्हणाल्या, "सावकाश या. रडत गाडी नका चालवू." नवरा जाऊन तास झाला नव्हता आणि ही बाई मला सांभाळत होती. या गोष्टीला आता दीड महिना झाला. दामूविषयी लिहायला बसतो आणि दर वेळी हसूच आधी येतं. मेल्या माणसाला हसावं का, असं कोणी म्हणेल. पण ज्यानं आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक करून सगळ्यात मोठी बाजी मारली, त्याच्यासाठी नुसतं रडणं मला जमणार नाही.

आम्ही दहावीपर्यंत एका बाकावर होतो. पुढं मी आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवायला लागलो आणि दामूनं देवरीला ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान टाकलं. घर चिचगडजवळच्या खेड्यात. त्याच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले, त्यामुळे जमिनीचा उतार आपल्याला डोळ्यांनी कळतो असा त्याचा दावा होता आणि तो कोणापुढं नमायचा नाही. मला तो मास्तर म्हणायचा. त्यात आदर कमी, चिडवणं जास्त. पस्तीस वर्षं मी पोरांना टेप कसा धरायचा ते शिकवलं, यावर त्याला फार हसू यायचं. "टेप धराले शिकवाचा पगार भेटते, मास्तर?"

शेवंतावहिनी तलावाच्या पारेवरून, म्हणजे बांधावरून, घसरून पडल्या आणि पाठीचा मणका गेला. कमरेखालचं सगळं थांबलं. तेव्हापासून चाकाची खुर्ची. पहिल्या वर्षी त्यांच्या नात्यातलं एक लग्न होतं. तिथं चार जणांनी त्यांना खुर्चीसकट उचलून मांडवात नेलं, आणि गर्दीतून कोणी तरी बाई म्हणाली, "जित्तीची तिरडी चालली बाई." ते वहिनींच्या कानावर पडलं. घरी आल्यावर त्यांनी दामूला सांगितलं, "आता मले चौघांनी उचलाचं ते एकदाच." त्या शब्दावर त्या आठ वर्षं राहिल्या. त्यांचं माहेर सालेकशाच्या पलीकडं, जंगलात. तिथं आई होती, मोहाची झाडं होती. दर चैत्रात भाऊ गोविंदा यायचा, "बाई, उचलून नेतो, कायले हट्ट करते?" म्हणायचा आणि एकटाच परत जायचा. आई थकत चालली होती. वहिनी रडायच्या नाहीत, पण मोहाच्या दिवसांत दोन घास कमी जेवायच्या, हे दामूनंच मला सांगितलं.

साधी मोटार उपयोगाची नव्हती. खुर्चीवरून सीटवर उचलावं लागतं, आणि माहेरचा शेवटचा रस्ता नाल्यातून, दगडांतून. तशात एक दिवस दामूनं मला दुकानात बोलावलं. बाहेर हिरव्या रंगाचा, पोपडे उडालेला एक लष्करी ट्रक उभा होता. फौजेनं लिलावात काढलेला, एका भंगारवाल्यानं आणून टाकलेला. चारही चाकांना ओढ, पुढं तार गुंडाळायचं विंच. "यात घर करतो," दामू म्हणाला. मी म्हटलं, वेड लागलं का. तो म्हणाला, "लागलं. तू नकाशा काढून दे."

अडचण एकच होती, पण मोठी. माहेरची वाट रेल्वेलाईनच्या खालून जाते, जुन्या पुलाच्या बोगद्यातून. ताडपत्रीच्या कमानींसकट हा ट्रक त्यातून जाणार नव्हता. तेव्हा छत खाली आणायचं, पण किती, हे पुलाच्या उंचीवर होतं. ऐन श्रावणात दामू स्वतः जाऊन माप घेऊन आला. "आठ फूट." मी खोदून विचारलं, नीट घेतलंस ना? तो म्हणाला, "पान्यावरून घेतलो ना. कायले डोस्कं खाऊन राहिला?" गवंडी नळीत पाणी भरून पातळी काढतात, तसं यानं केलं असणार, असं मी समजलो. मनात म्हटलं, शिकला शेवटी.

आठ फुटांतून हौद्याची जमिनीपासूनची उंची, छताची जाडी आणि वर चार बोटं वजा केली, तर आत उरले सव्वाचार फूट. उभा माणूस मावेना. मी हबकलो, दामू नाही. "बसाले आन् झोपाले किती उंची लागते?" दीड वर्ष तो त्या ट्रकला चिकटून होता. कमानी कापल्या, केबिनचं छत कॅनव्हासचं घडी होणारं होतं तेच ठेवलं, पत्रे ठोकले, आत सागाच्या फळ्या, एक खाट, शेगडी, पाण्याची टाकी. विंच पुढून काढलं, त्याचं तारेचं रीळ आणि हँडल खुर्चीलाच बसवलं. मागं लोखंडी उतार. तारेचं टोक आतल्या हुकाला अडकवायचं, बसल्या जागी हँडल फिरवायचं, की खुर्ची वर. उतरताना तेच हँडल उलट, ब्रेक लावत. आरटीओच्या कागदांपायी झिजले ते जोडे वेगळेच. गावानं ट्रकला नाव ठेवलं 'बसका'. "दामूजीनं कोंबड्याचा खुराडा बांधला," असं म्हणून लोक आत डोकवायचे आणि कपाळ आपटून घ्यायचे. त्या दाराला माझ्याही कपाळाचं रक्त लागलेलं आहे.

निघालो तेव्हा चैत्र होता. वहिनींनी हँडल स्वतः फिरवलं, कोणाला हात लावू दिला नाही. दामू चालवत होता, मी शेजारी. पुलाजवळ आल्यावर त्यानं गाडी गोगलगायीसारखी हळू केली. मी छतावर नजर लावून बसलो, चार बोटांचं अंतर म्हणजे थट्टा नाही. आणि आम्ही पुलाखालून गेलो... डोक्यावर एवढी मोकळी जागा, की एखादं पोर छतावर मांडी घालून बसलं असतं. मी गाडी थांबवायला लावली, उतरून टेप लावला. दहा फूट.

"दहा कसे?" दामू खरोखरच चकित झाला होता. "मी तर पान्यावरून घेतलो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. श्रावणात त्या बोगद्यात दोन फूट पाणी साचतं. तलाव बांधणाऱ्यांच्या घरातला हा माणूस, त्यांच्याकडं तलाव किती भरला हे तळापासून मोजतच नाहीत. पाण्याच्या वर पार किती उघडी राहिली, तेवढंच पाहतात. त्यानं पाण्याच्या पृष्ठभागावरून वरचा गर्डर मोजला होता आणि मी, पस्तीस वर्षांचा मास्तर, एक साधा प्रश्न न विचारता तो आकडा नकाशावर उतरवला होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथंच म्हणालो, परत गेलो की छत कापू, दोन फूट वर घेऊ, माझ्या खर्चानं. दामूही मान हलवायला लागला होता.

आतून वहिनींचा आवाज आला, "छताले हात लावाचा नाई."

आम्ही मागं जाऊन वाकून आत पाहिलं. त्या खुर्चीत बसल्या होत्या, खिडकी बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर, शेगडी हाताशी, डब्यांची फळी खांद्याशी. "घरी सगळं वर हाय, भाऊजी. डबे वर, आरसा वर, मानसाची तोंडंबी वर. बोलाचं तर मान वर करून. इथं मले कोनी वरून नाई पाहत."  दामूनं खिशातला रुमाल काढला आणि उगाच पुढची काच पुसायला गेला. काच स्वच्छ होती.

माहेरी अंगणात गोविंदानं चार दांडगे गडी तयार ठेवले होते. वहिनींनी आतून सांगितलं, "दादा, बाजूला व्हा." उतार खाली आला, तार सुटत गेली, आणि आठ वर्षांनी माझी वहिनी आपल्या पायांनी नाही, पण आपल्या हातांनी माहेरच्या अंगणात उतरली. आई ओट्यावरून धडपडत आली. मोहाची फुलं पडून राहिली होती, सगळीकडं तो गोड वास. गडी रिकाम्या हातांनी उभे होते, गोविंदा तोंड फिरवून. असा विजय मी पुन्हा पाहिला नाही, आणि मला तो पुन्हा पाहायची गरजही नाही. पुढं दर चैत्रात ते दोघं जायचे, आई होती तोवर आणि नंतरही. एकदा नागझिऱ्याच्या बाहेर आठ दिवस मुक्काम ठोकून होते. दामू तिथून मला फोन करायचा, "काऊन बे मास्तर, घरात बसून काय करून राहिला?"

आमच्याकडं मयताच्या घरी भेटायला जाण्याला बसायला जाणं म्हणतात. नाव तसं, पण पुरुष माणसं अंगणात उभ्या उभ्याच दोन शब्द बोलतात आणि निघतात. मी पोचलो तेव्हा वहिनी घरात नव्हत्या. त्यांच्या मुलीनं, कुंदानं, बसका अंगणात आणून उभा केला होता आणि वहिनी आत होत्या. "घरात सगळे माझ्या डोक्यावर उभे राहून रडते," त्या मला म्हणाल्या. "मी इथंच भेटन." गोविंदा आला, तोही वाकून आत शिरला. गाडी आता विकून टाक, कोण चालवणार, असं त्यानं हळूच काढलं. "कुंदा चालवते," वहिनी म्हणाल्या, "आन् मी कुठं मेली?" त्यानं खाटेवर आपला पंचा अंथरला आणि नीट बसला. नंतर सरपंच आले, दुकानातली माणसं आली, लग्नाच्या मांडवातली ती सगळी नातलग मंडळी आली. प्रत्येकाला दारात मान लववावी लागली आणि आत आल्यावर खाली बसावं लागलं. त्या तेरा दिवसांत शेवंतावहिनींशी कोणीही उभ्यानं बोललं नाही.